योगशिक्षकासाठी सूती सतरंजी: घसरते, म्हणूनच घ्या

सतरंजीवर पाय घसरतो, ही तक्रार खरी आहे. योगशिक्षकाने स्वतःच्या सरावाला तीच घ्यावी असं आम्ही म्हणतो, आणि कारणही तेच.

रामटेकच्या कविकुलगुरु कालिदास संस्कृत विश्वविद्यालयातून योग शिकलेली, किंवा अमरावतीत १९१४ पासून चालत आलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तयार झालेली मुलंमुली गावी परततात. समाजमंदिरात नाहीतर जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात पहाटे साडेपाचला वर्ग सुरू होतो. तिथून पुढे त्यांच्या आसनातली चूक दाखवणारं कोणी उरत नाही. समोरच्या काकाजी-काकूंना सर करतील ते बरोबरच वाटतं. मोबाईलवर स्वतःचं चित्रीकरण करता येतं, पण त्यात आकार दिसतो, जोर कुठे पडतोय ते कळत नाही. पतंजलींनी योगसूत्रांतल्या क्रियायोगात तप आणि ईश्वरप्रणिधान यांच्यामध्ये स्वाध्याय, म्हणजे स्वतःचा अभ्यास, ठेवला आहे. तो रोज करायचा तर रोज उलट उत्तर देणारं काहीतरी पायाखाली हवं. सतरंजी ते काम बऱ्यापैकी करते: जोर चुकला की पाय सरकतो.

चिकट मॅट हे काम का करत नाही, हे तिच्या जन्मकथेतच आहे. अँजेला फार्मर या योगशिक्षिकेने जर्मनीत गालिच्याखाली अंथरायचा फोम कापून वापरायला सुरुवात केली. शस्त्रक्रियेनंतर तिच्या तळहात-तळपायांना घाम येत नव्हता, म्हणून ते घसरायचे. एका शरीराच्या अडचणीवरचा तो उपाय पुढे सगळ्यांसाठी रिवाज झाला. मॅट पाय धरून ठेवते, मग मांड्या ढिल्या सोडल्या तरी आसन उभं राहतं आणि शिक्षकाला वाटतं, जमलं.

घेताना तीन फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब घ्या. नेमकी सहा फुटी घेतली तर पहिल्या धुण्यात दोन-तीन इंच आटते आणि उंच माणसाचं शवासनात डोकं जमिनीवर जातं. आडव्या पट्ट्यांची असेल तर उत्तम, त्यातही सलग तीन-तीन इंचांचे पट्टे. ते का, ते पुढे येईलच. वजन दोन किलोच्या आसपास भरायला हवं. हाताला हलकी, फुसफुशीत लागली तर वीण विरळ आहे. दोन्ही अंगठ्यांनी वीण फाकवून बघा, बाणा, म्हणजे आडवा धागा, सरकून उजेड दिसला तर ठेवून द्या. ओला पांढरा रुमाल गडद पट्ट्यावर दहा वेळा घासा, रंग किती सुटतो ते कळतं. दशांमधला, म्हणजे टोकाला सुटलेल्या सुतांमधला, एक धागा काडीने पेटवून बघा: सूत कागदासारखं जळून राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. आठवडी बाजारातल्या चकचकीत, स्वस्त सतरंज्यांत मिश्र धागा बराच असतो. तो घाम शोषत नाही आणि टाईल्सवर साबणासारखा सरकतो. खादी भांडारातली महाग पडते, पण तिथे निदान हा प्रश्न सहसा येत नाही. कापसाच्या मुलखात राहून पॉलिस्टरवर शवासन करणं तसंही जिवावरच येतं.

नवी सतरंजी थेट वापरायची नाही. तिच्यात खळ असते आणि नव्या सतरंजीचं निम्मं घसरणं त्या खळीमुळेच असतं. थंड पाण्यात मूठभर मीठ टाकून रात्रभर भिजवा, सकाळी साध्या साबणाने धुवा, सावलीत उलटी वाळवा. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. दोन धुण्यांनंतर सूत फुगतं, वर बारीक लव येते आणि तळपाय बसायला लागतो. एवढं झाल्याशिवाय तिच्याबद्दल मत बनवू नका.

आता पट्ट्यांचं काम. त्रिकोणासनासाठी पायांत साडेतीन फूट अंतर घ्या, म्हणजे चौदा पट्टे. मागच्या पावलाची बाहेरची कड एका पट्ट्याच्या रेषेवर ठेवा. आसनात जा, सहा ते आठ श्वास थांबा आणि बाहेर येण्याआधी फक्त खाली बघा, मागचं पाऊल किती सरकलं. अर्ध्या पट्ट्याच्या आत असेल तर ठीक. एक पट्टा किंवा जास्त सरकलं तर बहुतेक वेळा वजन पावलाच्या आतल्या कडेवर पडलेलं असतं आणि मांड्या झोपलेल्या असतात. मागच्या टाचेची बाहेरची कड दाबा, गुडघ्याच्या वाट्या वर ओढा आणि पाऊल न हलवता दोन्ही पाय एकमेकांकडे खेचल्यासारखा जोर लावा. तरीही सरकत असेल तर अंतर दोन पट्ट्यांनी कमी करा. इथे बरेच शिक्षक अडतात, कारण वर्गासमोर अंतर कमी करणं कमीपणाचं वाटतं.

अधोमुख श्वानासनात हात पुढे पळतात. सगळा भार मनगटांवर येतोय आणि कंबर मागे जात नाहीये, असा त्याचा अर्थ. गुडघे थोडे वाकवा, तर्जनीचं मूळ जमिनीला दाबा, बसायची हाडं मागे-वर न्या. हे करूनही हात थांबले नाहीत तर हात भिंतीला टेकवून करा. वीरभद्रासनातही हीच गत; तिथे पुढचा पाय वाकवण्याच्या नादात मागचा विसरला जातो.

नोंद ठेवायला शाळेची शंभर पानी वही पुरते. तारीख, आसन, बाजू, किती पट्टे, श्वास कुठे अडला, बस. डावी आणि उजवी वेगळी लिहा. तीन आठवड्यांची पानं शेजारी ठेवली की एकच बाजू सतत सरकताना दिसते. ती बाजू तुम्ही वर्गात कोणती सूचना द्यायची विसरता, हेही सांगून जाते. जे स्वतःला जाणवत नाही ते शिक्षकाच्या तोंडून निघत नाही.

एवढं कौतुक करून आता दोष, आणि ते लहान नाहीत. व्हिट्रिफाईड टाईल्सवर सतरंजी चक्क धोकादायक आहे. सतरंजीवर पाय घसरणं वेगळं आणि पायाखालून अख्खी सतरंजी निघणं वेगळं. तिथे खाली जाळीचं रबर अंथरा, नाहीतर सतरंजीचं एक टोक भिंतीला भिडवा. शहाबादी फरशी खरखरीत असेल तर चालते. कोबा चालतो, सारवलेली जमीन सगळ्यांत चांगली, फक्त सारवण पुरतं वाळलेलं हवं. सूर्यनमस्कारात पाय मागे टाकताना सतरंजी गोळा होते. हात सतरंजीच्या पुढे थेट जमिनीवर ठेवले की हा त्रास जातो. उडी मारून मागे जाणाऱ्यांनी मात्र ती सवय सोडावी.

वर्गातल्या लोकांवर हा प्रयोग करू नका. साठीच्या पुढचे, गुडघेदुखीवाले, लुगड्यात येणाऱ्या आजी, पहिल्या महिन्यातले सगळे, यांना उभ्या आसनांत घसरण नको. त्यांना चार-सहा मिलीमीटरची साधी मॅट द्या, नाहीतर सरळ अनवाणी फरशीवर उभं करा. सतरंजी त्यांना बसायला आणि चार घड्या करून गुडघ्याखाली घ्यायला. दहा मिलीमीटरची गुबगुबीत मॅट शाळांना देणगीत मिळते. ती झोपायच्या आसनांना बरी, वृक्षासनात घोटा डुगडुगतो. शीर्षासन तर तिच्यावर नकोच, डोकं रुततं आणि मान डळमळते. त्यासाठी चार पदरी सतरंजीच ठीक.

आपल्याकडच्या हवेचा हिशोब वेगळाच. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा टिनाच्या शेडमध्ये गुंडाळून ठेवलेल्या फोमच्या मॅटच्या कडा वळतात, त्या पुन्हा सपाट होत नाहीत. रबराची मॅट उन्हात भेगाळते. सतरंजीला उन्हाचं काही वाटत नाही, फक्त रंग उडतो. पावसाळ्यात उलटं. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात जाड सतरंजी दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट वास धरते, मग काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. त्यामुळे दोन सतरंज्या लागतात, हा खर्च आधीच धरा. रोजचा सराव झाल्यावर घडी न करता दांडीवर टाकायची.

काळ्या मातीचा चिखल लागला तर ओला असताना घासू नका, विणीत भिनतो. वाळू द्या, काठीने झोडपा, मग धुवा. दिवाळीच्या सुमारास मैदानावर वर्ग घेतला तर कुसळं अडकतात. ती धुण्याने निघत नाहीत, एकेक उपटावी लागतात, आणि एखादं राहिलं की भुजंगासनात नेमकं पोटाला टोचतं. अंथरण्याआधी दोन्ही टोकं धरून जोरात झटकायची, इंचू गुंडाळीत बसलेला असू शकतो. धान्याच्या खोलीत ठेवू नका, उंदीर दशांपासून सुरुवात करतात. दशा कुरतडल्या गेल्या की लगेच कडेला दुहेरी शिलाई मारून घ्या, नाहीतर बाणा उसवत आत येतो आणि पहिले दोन पट्टे मोजायच्या कामाचे राहत नाहीत.