ग्रुप आयपीटी: नागपुरात काही महिने चालवल्यानंतरचा अनुभव

डिप्रेशनसाठीची ग्रुप आयपीटी (इंटरपर्सनल थेरपी), म्हणजे नातेसंबंधांवर काम करणारी गटोपचार पद्धत, काही महिने चालवल्यावर आमचं मत पक्कं झालंय. पद्धत कामाची आहे आणि फार शिकलेल्या नसलेल्या माणसालाही झेपते. पण गट जमतो की विस्कटतो, हे दोन गोष्टींवर ठरतं: पहिल्या सेशनआधीची तयारी, आणि फॅसिलिटेटरला, म्हणजे गट चालवणाऱ्याला, गप्प बसता येतं की नाही.

आधी ओळख. आयपीटी १९७० च्या दशकात जेराल्ड क्लर्मन आणि मिर्ना वाइसमन यांनी एकेका रुग्णासाठी बांधली. तिचं गटातलं रूप युगांडाच्या खेड्यांत तपासलं गेलं आणि त्याचे निकाल २००३ साली प्रसिद्ध झाले. तिथे दर आठवड्याला एक याप्रमाणे १६ सेशन होती, बाया-पुरुषांचे गट वेगळे होते आणि गट चालवणारी माणसं डॉक्टर नव्हती, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि कोलंबिया विद्यापीठाने काढलेली पुस्तिका मोफत उतरवून घेता येते. तिच्यात आधी एक वैयक्तिक भेट आणि मग दीड-दीड तासाची ८ सेशन आहेत. माणसाचं दुखणं चारपैकी एका-दोन कप्प्यांत बसवायचं: जवळच्याचा मृत्यू, वाद, आयुष्यातला मोठा बदल, एकटेपणा. हे चार कप्पे नागपूरच्या घरांना तंतोतंत लागू पडतात, त्यात काही बदलावं लागलं नाही.

गट ८ जणांचा घ्या. एक-दोन जण दुसऱ्या-तिसऱ्या सेशनपर्यंत गळतातच, मग ६ उरतात आणि तेवढे पुरतात. पाचाच्या खाली गेलं की एक जण गैरहजर राहिला तरी खोली रिकामी वाटते. दहाच्या वर गेलं की ९० मिनिटांत कोणाच्याच वाट्याला धड वेळ येत नाही.

वैयक्तिक भेटीला पाऊण तास ते तास लागतो. घाईत हीच भेट २० मिनिटांत उरकली जाते आणि पुढची बहुतेक गळती तिथूनच सुरू होते. या भेटीत पीएचक्यू-९, म्हणजे डिप्रेशन किती आहे हे मोजणारी ९ प्रश्नांची प्रश्नावली, भरून घ्या (गुण ० ते २७, १० किंवा वर असेल तर नीट बघायचं), कप्पा ठरवा आणि एका वाक्यात उद्दिष्ट लिहा. ‘मन शांत व्हावं’ हे उद्दिष्ट नाही. ‘मोठ्या दिराशी वाटणीबद्दल एकदा बोलायचं’ हे उद्दिष्ट आहे. आत्महत्येचा ठोस विचार, चालू मॅनिया (मनाची अतिउत्तेजित अवस्था), भास-भ्रम किंवा रोजची दारू असेल तर त्या माणसाला या गटात घेऊ नका; आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. मेडिकल, मेयो (नागपूरची दोन सरकारी रुग्णालयं) आणि प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीचे वार-वेळा गट सुरू होण्याआधीच कागदावर लिहून भिंतीला लावा.

ओळखीचा प्रश्न इथे मोठा आहे. महाल-इतवारीसारख्या जुन्या नागपुरातल्या दोन माणसांना एका खोलीत बसवा, पाच मिनिटांत कोणाचा तरी मावसभाऊ निघतो. एकाच वस्तीतून गट उभा करणं सोपं जातं, पण अशा गटात माणसं सासूबद्दल बोलतात आणि कर्जाबद्दल गप्प राहतात. म्हणून वेगवेगळ्या भागांतली माणसं घ्या आणि वैयक्तिक भेटीतच विचारा, ‘ओळखीचं कोणी दिसलं तर चालेल का?’ व्हॉट्सॲप ग्रुप करू नका. त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, दुसऱ्या दिवशीपासून सुविचार सुरू होतात आणि आठवड्याचं काम मोबाइलवर सांडून जातं. ब्रॉडकास्ट लिस्ट करा; मात्र सदस्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर तिचा मेसेज पोचत नाही, तो पहिल्या भेटीतच समोर सेव्ह करून घ्या.

खोलीत एकसारख्या खुर्च्या, गोल, मध्ये टेबल नाही. फॅसिलिटेटरची खुर्ची जराशीही उंच किंवा गादीची असली की सगळं बोलणं तिच्याकडेच वळतं. एप्रिल-मे मध्ये कूलरचा आवाज हा खरा अडथळा आहे: रडू दाबत बोलणाऱ्या बाईचं वाक्य तिसऱ्या खुर्चीपर्यंत जात नाही आणि ‘जरा मोठ्याने बोला’ म्हटलं की ती थांबतेच. तासभर आधी कूलर लावून खोली गार करा आणि सेशनमध्ये फक्त पंखा ठेवा. बायकांच्या गटाला दुपारी अडीच ते चार, नोकरी करणाऱ्यांना संध्याकाळी सातनंतरची वेळ जमते. दिवाळी ८ आठवड्यांच्या मध्ये येईल अशी सुरुवात करू नका. दोन सेशन सलग बुडाली की तुटलेला धागा क्वचितच जुळतो.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे गटाला सगळ्यात जास्त काय मारतं, तर सल्ला. एकीने तोंड उघडलं की उरलेल्या पाच जणी ‘मी तर म्हणते, तुम्ही सरळ वेगळ्याच राहा’ असं सुरू करतात, आणि त्याहून जास्त वेळा सगळ्या मान वळवून फॅसिलिटेटरकडे बघतात: ‘मॅडम, तुम्हीच सांगा.’ मॅडमने सांगितलं की संपलं. मग ते सेशन म्हणजे इतरांच्या देखत झालेलं एकेकीचं समुपदेशन उरतं.

चांगलं चाललेलं सेशन कसं दिसतं, ते सांगतो (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत). दर सेशनआधी भरायच्या पीएचक्यू-९ मध्ये एका सदस्याचा गुण मागच्या आठवड्यापेक्षा ४ ने वाढलेला. ‘या आठवड्यात काय झालं?’ ‘काही विशेष नाही.’ फॅसिलिटेटर थांबते. साधारण १०-१५ सेकंद. बसणाऱ्याला ते फार लांब वाटतं. मग कळतं, रविवारी नणंद आली होती आणि स्वयंपाकावरून सगळ्यांसमोर बोलली. रविवार रात्रीपासून झोप गेली. आकडा आणि प्रसंग असे एकमेकांना जोडणं हेच आयपीटीचं इंजिन. त्यावर दुसरी सदस्य हळूच म्हणते, ‘मले वाटे, हे फक्त माह्याच घरी होते.’ इथे फॅसिलिटेटरचं एकच काम: ‘हे मला नका सांगू, त्यांच्याकडे बघून सांगा.’ मग दोघी बोलतात. त्यानंतर प्रसंगाचा सराव: तिसरी नणंद होते आणि पहिली तिला तीन वाक्यांत आपलं म्हणणं सांगते. पहिल्या खेपेला आवाज चढतो, दुसऱ्या खेपेला ती माफी मागून मोकळी होते, तिसऱ्या खेपेला जमतं. शेवटची पाच मिनिटं: ‘पुढच्या शनिवारपर्यंत यातलं काय करून बघणार?’

सल्ला थोपवायला एक नियम उपयोगी पडला. ‘तुम्ही असं करा’ म्हणायचं नाही, ‘माझ्याकडे असं झालं तेव्हा मी हे केलं, त्याचं हे झालं’ म्हणायचं. पहिल्या सेशनला सांगून भागत नाही. तिसऱ्यापर्यंत प्रत्येक वेळी आठवण द्यावी लागते.

पीएचक्यू-९ गोलात भरू देऊ नका, शेजारचा डोकावतो. दहा मिनिटं आधी बोलावून एकेकाला बाजूला घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचाराच्या प्रश्नाला, ० सोडून काहीही आलं तर सहफॅसिलिटेटरने त्या दिवशी त्या माणसाशी एकट्याने बोलल्याशिवाय त्याला घरी सोडायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सगळ्यांकडे असू द्या. गुण ५ ने उतरले तर फरक खरा समजा. दोन-तीनाच्या चढउतारावर आनंद किंवा काळजी नको.

प्रशिक्षणासाठी ही पद्धत उत्तम, पण अट आहे. शिकाऊ मुलामुलींना भिंतीला लावून वही देऊन बसवू नका. सदस्य त्यांच्याकडेच बघत राहतात. एकाला सहफॅसिलिटेटर म्हणून गोलात घ्या आणि सेशननंतर २० मिनिटं दोघांनी बसून एवढंच तपासा: कोण कोणाशी बोललं, कोण एकदाही बोललं नाही, आपण कुठे मध्ये पडलो. कागदावर गोल काढून बोलण्याचे बाण ओढले की चूक लगेच दिसते. सगळे बाण एका खुर्चीकडे गेलेले असतात. शिकणाऱ्यांचा स्वतःचा अनुभवगट, म्हणजे जिथे ते स्वतः सदस्य म्हणून बसतात तो गट, वेगळा चालवावा, आणि तो चालवणारा त्यांचे मार्क देणारा नसावा. हे पाळलं नाही तर मुलं गटात खरं बोलत नाहीत, परीक्षेत चालेल असं बोलतात.

पुस्तिकेबद्दल एक ठाम तक्रार आहे. वादाच्या आणि बदलाच्या कप्प्याला ८ सेशन पुरतात, मृत्यूच्या कप्प्याला पुरत नाहीत. ज्यांचं माणूस गेलंय ते चौथ्या सेशनला कुठे मोकळे व्हायला लागतात आणि सहाव्यापासून समारोपाची तयारी सुरू करावी लागते. असे तीन-चार जण गटात असतील तर सुरुवातीलाच १२ सेशन ठरवा; मध्येच वाढवली तर ‘आपली केस बिघडली’ असा अर्थ घेतला जातो. शेवटचं सेशन झाल्यावर महिन्यातून एकदा, सलग तीन महिने, त्याच खोलीत त्याच वेळी भेट ठेवा आणि तिन्ही तारखा शेवटच्या सेशनलाच कागदावर लिहून हातात द्या.