पासपोर्टवरच्या शिक्क्याची भीती घालून माझे 37,000 रुपये घेतले

गोव्यातल्या डिचोलीहून शारजाला मुलाकडे जाऊन मी गेल्या महिन्यात परत आले. जन्मात पहिल्यांदा विमानात बसले. जाण्याआधी म्हापशातल्या एका एजंटाने मला 37,000 रुपयांना फसवले. आमच्या भागातल्या आणखी काही बायका आता आखातात निघाल्या आहेत, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहिते.

माझे शिक्षण नववीपर्यंत, वय 47. दहावी झालेली नसल्यामुळे माझ्या पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असे आले. त्यालाच ईसीआर म्हणतात. व्हिसा मुलाने तिकडून काढून पाठवला होता. मला फक्त तिकीट हवे होते. मुलगा म्हणत होता, "आई, तिकीटही मीच काढतो." पण त्याच्यावर आणखी भार नको, म्हणून मी शेजारणीने सांगितलेल्या एजंटाकडे गेले.

त्याने पासपोर्ट उघडला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "वहिनी, तुम्ही ईसीआर. मुंबईत इमिग्रेशनवाले तुम्हाला अडवणार, घरी पाठवणार." माझे हातपाय गळाले. तसेही महिनाभर मला झोप नव्हती. इंग्रजीत विचारले तर काय सांगू, सरकत्या जिन्यावर पाय कसा टाकू, मुंबईत दुसरे विमान चुकले तर रात्र कुठे काढू? ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालून झाले होते, पण घरात कोणाला हे बोलले नव्हते. या माणसाला मात्र मी सगळे सांगून बसले. माझी एकेक भीती ऐकून त्याने प्रत्येकीवर एकेक कागद काढला. ईसीआरचा 'क्लिअरन्स' 12,000. 'ओके टू बोर्ड', म्हणजे व्हिसा तपासून विमानात बसू द्यायला विमान कंपनीची हरकत नाही अशी नोंद, 2,500. विमा 3,500. मुंबईतल्या ओळखीच्या साहेबाला सांगून ठेवायचे 5,000. परतीचे तिकीट 14,000. वर म्हणाला, "कांयच भिवपाचें ना, हांव आसां." म्हणजे, काहीच घाबरायचे नाही, मी आहे.

तिकिटाचे पैसे मी फोनवरून पाठवले, ते कोणा बाईच्या नावावर गेले. बाकीचे 23,000 रोख. पावती मागितली तेव्हा "सगळे एकदम देतो" म्हणाला. जाण्याचे तिकीट त्याच्याकडूनच आधी घेतले होते आणि ते खरे होते. म्हणून परतीचेही खरे धरून चालले.

एक गोष्ट मध्येच सांगते, कारण तिच्यामुळे मी आणखी मोठ्या संकटात सापडले असते. मुलासाठी मी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, केल्या होत्या, चवथीला करतो तशाच, सारणात खसखस घालून. निघायच्या आदल्या रात्री शेजारचे काका भेटायला आले. ते वीस वर्षे आखातात होते. त्यांनी विचारले, "बॅगेत काय काय घेतलेस?" मी डबा उघडून एक नेवरी मोडून दाखवली. खोबऱ्यात ते बारीक करडे दाणे दिसताच त्यांचा चेहरा उतरला. शारजा ज्यात येते त्या संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात, तिच्यापायी माणसे तुरुंगात गेली आहेत. रात्री अकरा वाजता मी सगळ्या नेवऱ्या बाहेर काढल्या. ज्याने 'पूर्ण मार्गदर्शन' म्हणून पैसे घेतले, त्याने हे एक वाक्य सांगितले नाही.

गोव्यातल्या मोपा विमानतळाहून मुंबईपर्यंत सगळे ठीक झाले. मुंबईत शारजाच्या काउंटरवर मुलीने परतीचे तिकीट मागितले. मी कागद दिला. तिने दोनदा नंबर टाकून पाहिला आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, हे बुकिंग रद्द झालंय. याचे पैसे भरलेच नव्हते." एजंटाचा फोन बंद. मागे रांग, माझ्या डोळ्यांसमोर अंधार. शेवटी मुलाला फोन लावला. त्याने तिकडून 19,000 रुपये भरून तिकीट काढले, तोपर्यंत त्या मुलीने मला बाजूच्या खुर्चीवर बसवून पाणी दिले. तिचे नावही विचारायचे राहिले. देव तिचे बरे करो.

मग इमिग्रेशन. थरथरत्या हाताने मी तो निळ्या शिक्क्याचा क्लिअरन्सचा कागद पुढे केला. अधिकाऱ्याने तो उलटसुलट पाहिला.

"नोकरीला चाललात?"

"नाही, मुलाकडे."

"मग हे लागत नाही. आणि हा कागद आमचा नाही. कोणी दिला?"

व्हिसा आणि परतीचे तिकीट पाहून त्याने पासपोर्टवर शिक्का मारला. दोन मिनिटे लागली असतील. ओळखीचा साहेब वगैरे कोणी नव्हता.

परत आल्यावर चौकशी केली तेव्हा कळले, ईसीआर पासपोर्टवर माणूस नोकरीसाठी ठरावीक 18 देशांत जात असेल तरच ती परवानगी लागते. मुलाला भेटायला जाणाऱ्याला लागत नाही. वयाची 50 वर्षे ओलांडलेल्यांना तर हा शिक्काच लागू नाही. नोकरीला जाणाऱ्यांची परवानगी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरून होते आणि नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये व त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात. तो नोंदणीकृत आहे की नाही, हे त्याच संकेतस्थळावर दिसते. व्हिजिट व्हिसावर पाठवून "तिथे गेल्यावर काम लावतो" असे कोणी म्हणाला तर पैसे देऊ नका. तसे काम करणे तिथल्या कायद्याने गुन्हा आहे आणि पकडले जाता ते तुम्ही.

ओके टू बोर्ड लागते का, हे विमान कंपनीलाच फोन करून विचारा. मी ते विचारले नाही. विम्याच्या कंपनीला मात्र आल्यावर विचारले, त्या नंबरची पॉलिसीच नव्हती.

एजंटाच्या दुकानाला आता कुलूप आहे. पोलिसांत तक्रार दिली. फोनवरून गेलेल्या 14,000 साठी 1930 या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवरही नोंद केली, पण ती मी महिन्याने केली. पैसे गेल्याचे कळताच फोन करायला हवा होता. रोख रकमेचा माझ्याकडे काहीच पुरावा नाही.

तिकिटाचे मुलाने समजावले. सहा अक्षर-आकड्यांचा पीएनआर हा नुसत्या राखून ठेवलेल्या जागेलाही मिळतो. पैसे भरले की बऱ्याच विमान कंपन्यांत 13 आकडी तिकीट नंबर येतो. माझ्या कागदावर तो नव्हता. पीएनआर आणि आडनाव टाकून विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहिले असते तर घरबसल्या कळले असते.

आमच्या वाड्यावरची एक मुलगी पुढच्या आठवड्यात मस्कतला घरकामाला निघाली आहे. आठवी शिकलेली, वय 26. ईसीआर पासपोर्टवर घरकामाला जाणाऱ्या बाईचे वय किमान 30 लागते. मग हिला कोण आणि कुठल्या व्हिसावर नेतो आहे? तिच्या आईने 40,000 दिले आहेत. उद्या सकाळच्या पहिल्या कदंब बसने त्या दोघी म्हापशाला उरलेले पैसे द्यायला जाणार आहेत. मी आज रात्रीच तिच्या घरी जाते आहे, माझा तो निळ्या शिक्क्याचा कागद घेऊन.