क्वीन: ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ की ‘समबडी टू लव्ह’?

दोन्ही गाणी ब्रिटिश रॉक बँड क्वीनची, पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या त्यांच्या गायकाने, फ्रेडी मर्क्युरीने लिहिलेली. 1975 चं ‘ऱ्हॅप्सडी’ जवळपास सहा मिनिटांचं, त्याला ध्रुवपदच नाही: बॅलड, ऑपेरा, मग ब्रायन मेची कडाडणारी गिटार. शब्द मात्र धूसर. खुनाची कबुली कळते, कारण कळत नाही.

1976 चं दुसरं गॉस्पेलच्या, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांच्या वळणाचं. मर्क्युरी, मे आणि ड्रमर रॉजर टेलर या तिघांचेच आवाज थरावर थर चढवलेत, तरी अख्खं चर्च गातंय असं वाटतं. दिवसभर राबून थकलेला एकटा माणूस देवालाच जाब विचारतो. अभंगांवर वाढलेल्या कानाला ही आर्तता परकी नाही. रचनेची कमाल पहिल्यात, मान्य! पण रात्री दादरहून विरार लोकल पकडली की मी दुसरंच लावतो.