परसातल्या कोंबड्या: गावरान, वनराज, कडकनाथ, असील की सिल्की?

आठ-दहा कोंबड्या पाळायच्या ठरल्या की ‘कुठली जात घेऊ?’ हा प्रश्न येतो. त्याआधी एक ठरवा: पुढच्या वर्षीची पिल्लं कुठून येणार? खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली, घरच्या उबवणी मशीनमध्ये, की दर वेळी विकत? याचं उत्तर मिळालं की निम्म्या जाती आपोआप गळतात.

अंडी हवीत: गावरान की सुधारित?

गावरान तलंग (नुकती अंड्यावर आलेली तरुण कोंबडी) 12-15 अंडी घालते आणि खुडूक बसते. 21 दिवस उबवणीचे, त्यावर सहा-आठ आठवडे पिल्लांमागे. एका वेतामागे अडीच-तीन महिने अंडी बंद. म्हणून वर्षाची बेरीज साधारण 50-70 अंड्यांवर थांबते आणि अंडंही 40 ग्रॅमच्या आसपास. पण घार-कावळ्याची चाहूल लागताच पिल्लांना पंखाखाली घेणं आणि उकिरड्यावर निम्मं पोट भरणं हे तिच्या रक्तातच आहे.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया परसात 160-180 अंडी देते, वनराज 100-110. दोघींचं अंडं 55-60 ग्रॅमचं. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज याच पंक्तीतली, अंडी आणि मांस दोन्हींसाठी. नुसती अंडी हवी असतील तर आमचं मत सरळ ग्रामप्रियाला. कोंबडे विकून पैसे काढायचे असतील तर वनराज किंवा गिरिराज.

यातली अडचण खरेदीच्या वेळी फार थोडे जण सांगतात. हे पक्षी संकरित आहेत. त्यांची अंडी उबतात, पिल्लंही निघतात, पण ती आईबापांसारखी निघत नाहीत. एक मोठं, एक बारकं, रंग वेगवेगळे आणि अंड्यांचा आकडा घसरलेला. शिवाय या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणजे दर दीड-दोन वर्षांनी नवी पिल्लं आणणं आलंच. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथे आधी नोंदणी करावी. जवळ खात्रीची हॅचरी नसेल तर गावरानच बरी.

कडकनाथ आणि असील

कडकनाथ म्हणजे काळ्या कातडीचा, काळ्या मांसाचा पक्षी, मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला. झाबुआच्या कडकनाथ मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोंबडा दीड-दोन किलोचा, वर्षाला साधारण 80-100 अंडी. अंडं मात्र काळं नसतं, फिकट तपकिरी असतं. काळी अंडी म्हणून कुणी विकत असेल तर तिथून निघावं. दुसरी फसवणूक संकराची. कातडीचा काळेपणा पुढच्या पिढीत जोरात उतरतो, त्यामुळे कडकनाथाच्या संकरातली बरीच पिल्लंही काळसर दिसतात. पक्षी हातात घ्या, चोच उघडा: जीभ आणि तोंडाची आतली बाजू गडद हवी. पिसं बाजूला सारून छातीची कातडी बघा, तळपाय बघा. कुठे गुलाबी किंवा पिवळट डाग दिसला की शुद्धपणाचा दावा सोडून द्यायचा. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: कडकनाथ कोंबडी उबवायला बसण्यात कच्ची. तिची अंडी गावरान कोंबडीखाली किंवा मशीनमध्येच ठेवावी लागतात.

असील याच्या अगदी उलट. अंडी थोडी, पण बसली की उठणार नाही, आणि पिल्लांसाठी कुत्र्याच्याही अंगावर जाईल. कोंबडा तीन-चार किलोंचा, मान लांब, तुरा वाटाण्याच्या शेंगेसारखा बसका, गालाखालचे लोलक जवळजवळ नाहीतच. पण दोन वयात आलेले कोंबडे एका खुराड्यात राहू शकत नाहीत. तीन-चार महिन्यांपासूनच वेगळे करा. जागा नसेल तर असील घेऊ नका. झुंजी लावणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. हा पक्षी प्रदर्शनातही तितकाच शोभतो.

प्रदर्शनासाठी

सिल्की आणि ब्रह्मा हौशी लोकांच्या आवडीचे. सिल्कीच्या पायाला पाच बोटं हवीत, चार असतील तर बाद. तिची पिसं कापसासारखी मोकळी, पाणी झटकत नाहीत. पावसात भिजली की गारठते. ब्रह्माच्या पायावर पिसं असतात, त्यामुळे कोकणातल्या चिखलात महिनाभरात पाय खराब होतात. दोघींनाही कोरडी, छपराखालची जमीन लागते. सिल्कीचा वेगळा फायदा असा की ती उत्तम खुडूक बसते. एक-दोन सिल्की पाळून कडकनाथाची अंडी त्यांच्याखाली ठेवणारे पुष्कळ आहेत.

प्रदर्शनासाठी पैदास करताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो मिसळणीने. कोंबडा दूर केला तरी त्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं. म्हणून निवडलेल्या जोडीची अंडी उबवणीला घेण्याआधी कोंबडीला इतर नरांपासून पूर्ण तीन आठवडे वेगळी ठेवा. एका कोंबड्यामागे आठ-दहा माद्या पुरतात. जड जातीत पाच-सहाच ठेवा.

कोंबडीखाली की मशीनमध्ये?

वर्षाला वीस-पंचवीस पिल्लं हवी असतील तर खुडूक कोंबडीसारखं दुसरं काही नाही. गावरान कोंबडीखाली तिची स्वतःची 10-12 अंडी, वनराजच्या मापाची असतील तर आठ-नऊच. अंडी गोळा करून एकाच संध्याकाळी ठेवा. बसवण्याआधी पंखाखाली आणि गुदाजवळ उवा तपासा. उवांनी हैराण झालेली कोंबडी दहाव्या-बाराव्या दिवशी उठते आणि सगळं वेत वाया जातं.

मशीन घेतलं तर खरी परीक्षा ओलाव्याची. पंख्याच्या मशीनमध्ये तापमान 37.5 अंश. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीला 38.5 च्या आसपास. ओलावा पहिले 18 दिवस 50-55 टक्के, नंतर 65-70. हे आकडे सगळेच देतात, पण स्वस्त मशीनचा ओलावामापक हमखास चुकतो. त्यापेक्षा वजनकाटा वापरा. अंड्यातून 18 दिवसांत 11-13 टक्के वजन उडून जायला हवं. दहा अंडी पहिल्या दिवशी 500 ग्रॅम भरली, तर सातव्या दिवशी 475-480 आणि अठराव्या दिवशी 435-445 भरली पाहिजेत. वजन जास्त राहिलं तर आत पाणी जास्त आणि हवेची पोकळी लहान. पिल्लू पूर्ण वाढून कवचातच गुदमरतं. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये नेमकं हेच होतं. तिथे पहिले 18 दिवस पाण्याची ताटली बहुधा लागतच नाही. मराठवाड्यात एप्रिलमध्ये उलट: आतला पापुद्रा कोरडा पडून पिल्लाला चिकटतो.

तापमान जास्त झालं तर पिल्लं एक-दोन दिवस आधी निघतात आणि बेंबी नीट मिटलेली नसते. कमी पडलं तर उशिरा निघतात, पोट मऊ आणि फुगलेलं. सिल्कीसारखी लहान अंडी एकोणीस-विसाव्या दिवशीच फुटतात. मोठ्या अंड्यांबरोबर ठेवायची तर एक-दोन दिवस उशिरा ठेवा.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. साठवताना निमुळतं टोक खाली. पार्सलने आली असतील तर 12-24 तास तशीच उभी स्थिर ठेवून मग मशीनला लावा. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. सातव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या दिव्यावर धरलं की जिवंत अंड्यात कोळ्यासारखं लालसर शिरांचं जाळं दिसतं. फोल अंडं स्वच्छ असतं. लाल कडं दिसलं तर जीव मेलेला, ते काढून टाका, नाहीतर कुजून फुटतं. अठराव्या दिवशी फिरवणं बंद, झाकण बंद. एखादं पिल्लू कवचाला भोक पाडून बारा तास थांबलं म्हणून झाकण उघडू नका. तेवढा वेळ ते घेतंच, आणि उघडल्याने बाकीच्यांचे पापुद्रे वाळतात. वीज गेली तर मशीनवर गोधडी टाका. तास-दोन तास सहसा निभावतं.

उबवणीचा सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात कोंबडा मरगळतो आणि फोल अंडी वाढतात. पावसाळ्यात निघालेल्या पिल्लांना ओल्या तुसामुळे रक्ती हगवण गाठते.

मशीनच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात 35 अंश ऊब, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. पिल्लं दिव्याखाली ढीग करून बसली तर थंडी, भिंतीला जाऊन धापा टाकत असतील तर ऊब जास्त. पाच ते सात दिवसांत मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस डोळ्यात एक थेंब. बाटली शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची मिळते आणि फोडल्यावर दोन तासांत संपवावी लागते, म्हणून शेजारच्या दोन-चार घरांनी एकच दिवस ठरवून, बर्फात आणून, एकाच संध्याकाळी सगळ्यांची पिल्लं उरकावीत.