कमी अंदाजपत्रकात हरित अग्निशमन केंद्र : एका आराखडा-सेवेचा अनुभव

अग्निशमन केंद्र आणि पोलीस चौकी एकाच छताखाली आणणारी इमारत बेताच्या अंदाजपत्रकात, तरीही पर्यावरणाचे भान ठेवून बांधायची होती. त्यासाठी आम्ही ज्या वास्तुविशारद कार्यालयाची सेवा घेतली, तिच्याविषयी हे लिहीत आहे. बांधकाम समितीत मी जवानांचा प्रतिनिधी होतो, आणि गेली दोन वर्षे याच इमारतीत माझी ड्युटी असते.

पहिल्या बैठकीला आम्ही सौर पॅनेल, पावसाचे पाणी, हिरवे छप्पर अशी लांबलचक यादी घेऊन गेलो होतो. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि जुन्या केंद्रात सलग तीन दिवस बसून कोणती खोली केव्हा वापरात असते, याची नोंद केली. प्रशिक्षणाची खोली, बैठकीची खोली आणि जेवणाची जागा या तिन्ही एकाच वेळी कधीच भरलेल्या नसतात, हे आमच्याही तेव्हाच लक्षात आले. तिन्हींची मिळून एक खोली झाली. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे 7 ते 8 टक्के वाटा एकट्या सिमेंटनिर्मितीचा आहे. जी खोली बांधलीच नाही तिला ना सिमेंट लागते, ना दिवा, ना पंखा. इमारत आटोपशीर झाल्यामुळे खाटेपासून बंबापर्यंतचे अंतरही कमी झाले. अमेरिकेतल्या एनएफपीए 1710 या मानकात आगीची वर्दी म्हणजे खबर आल्यावर तयार होऊन निघायला 80 सेकंद धरले आहेत, तेव्हा वाचलेल्या प्रत्येक पावलाला किंमत आहे.

बंबखान्याचा विचार मला सर्वांत मोलाचा वाटला. तिथले मोठे दरवाजे सारखे उघडतात, त्यामुळे ती जागा थंड किंवा उबदार ठेवण्याचा खटाटोप म्हणजे पैसा उघड्यावर टाकणे. त्यांनी बंबखाना जवळजवळ मोकळ्या शेडसारखा मानला आणि उष्णतारोधनाचा सगळा खर्च राहत्या भागाच्या भिंतींवर व छतावर केला. दोन्ही भागांमध्ये दोन दारांची छोटी मधली खोली आहे आणि राहत्या बाजूच्या हवेचा दाब किंचित जास्त ठेवला आहे, म्हणजे बंबांच्या इंजिनांचा धूर आत शिरत नाही. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये जाहीर केले, आणि 2022 मध्ये अग्निशामकाचा व्यवसायच त्या वर्गात घातला. जुन्या केंद्रात आम्ही वर्दीवरून आलो की काजळीने माखलेला कोट खाटेशेजारच्या खुंटीला लटकत असे आणि उशीलासुद्धा जळका वास येई. आता मळकट साहित्याची खोली फक्त बंबखान्याकडे उघडते. तिथे हवा बाहेर ओढणारा पंखा आहे, आणि अंघोळ केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांचा ऋणी आहे.

आता तक्रार. छतावरच्या सौर पॅनेलसाठी त्यांनी बाहेरच्या वीजजाळ्याला (ग्रिडला) जोडलेला साधा इन्व्हर्टर धरला होता. बाहेरची वीज गेली की असा इन्व्हर्टर दुरुस्ती करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो. म्हणजे वादळानंतर, नेमकी आमची गरज असते तेव्हा, ऊन असूनही वीज नाही. हा प्रश्न आमच्या एका ज्येष्ठ चालकाने विचारला, तोवर स्लॅब ओतून झाला होता. नियंत्रण कक्ष, बिनतारी यंत्रणा आणि बंबखान्याचे दरवाजे यांच्यासाठी बॅटरीवर चालणारी वेगळी वाहिनी नंतर ओढावी लागली आणि तो खर्च आमच्या माथी आला. आणीबाणीच्या सेवेची इमारत करणाऱ्यांकडून ही चूक व्हायला नको होती.

खर्च कापण्याच्या बैठकीत मात्र ते ठाम राहिले. कंत्राटदाराला पश्चिमेकडचे छज्जे आणि छताचे उष्णतारोधन वगळायचे होते. त्याऐवजी त्यांनी खोटे छत आणि फरशी काढली. घोटलेले काँक्रीट हीच आमची जमीन आहे, आणि ती धुवायला सोपी जाते. भूकंपाच्या हिशेबात अशा इमारतींसाठी भारतासह काही देशांच्या मानकांत धरला जाणारा 1.5 हा महत्त्व-गुणकही (म्हणजे भूकंपाचा धक्का दीडपट धरून इमारत मजबूत करणे) त्यांनी कोणाला कमी करू दिला नाही.

पाण्याची व्यवस्था साधी आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी, या हिशेबाने 500 चौरस मीटरवर 20 मिलिमीटर पडल्यास गळती धरूनही आठ हजार लिटरच्या आसपास साठते. बंब धुणे आणि होजचा सराव त्यावर चालतो. सरावाचे पाणी नाल्यातून परत टाकीत येते. आगीसाठी राखीव ठेवलेल्या पाण्यात मात्र हा साठा धरलेला नाही, आणि तेच योग्य आहे.

बेताच्या पैशात असे काम करायचे असेल तर या कार्यालयाकडे जायला मी सांगेन, फक्त विजेचा आराखडा स्लॅबपूर्वी दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यावा. नियंत्रण कक्षाच्या एका खिडकीतून संध्याकाळचे ऊन अजूनही थेट संगणकाच्या पडद्यावर येते. तिथे बाहेरून झडपा लावून देण्याचे त्यांनी कबूल केले आहे आणि आम्ही त्यांची वाट पाहत आहोत.