ऑडिशन समोर जाऊन द्यायची की घरून सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच रेकॉर्ड केलेला ऑडिशनचा व्हिडिओ, पाठवायची?

मार्च 2020 मध्ये शूटिंग बंद पडली आणि टीव्हीचं कास्टिंग एकदम सेल्फ टेप आणि झूमवर गेलं. टेपचा मोठा फायदा म्हणजे दहा टेक घ्या, बेस्ट तो पाठवा, प्रवास नाही, नोकरीतून सुट्टी नाही, लांब राहणाऱ्यालाही चान्स मिळतो आणि हे मला खरंच फार महत्त्वाचं वाटतं. पण लाइट, आवाज, साधी भिंत, नजर लेन्सच्या अगदी बाजूला ठेवणं, सगळं आपणच बघायचं, वर समोरचे डायलॉग वाचायला घरातलं कोणीतरी पकडायचं आणि ते बिचारे सपाट वाचतात!

समोर गेलं की टेक एखाद-दोनच मिळतात, पण कास्टिंगवाले म्हणतात "आता हेच जरा शांतपणे कर" आणि तिथेच कळतं की नट सूचना पकडतो की नाही, टेपमध्ये हे होतच नाही. झूमवर सूचना मिळते, पण आवाज किंचित उशिरा पोचला तरी कॉमेडीचं टायमिंग गेलंच, आणि दोन नटांची केमिस्ट्री तर नीट कळत नाही.

म्हणून पहिला राउंड टेपवर ठेवा, कॉलबॅक, म्हणजे त्यातून निवडलेल्यांचा पुढचा राउंड, मात्र समोरासमोरच घ्या.