ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला प्लंबर, सोलरची पायपिंग मस्त करतो

ग्वाल्हेरच्या जानेवारीत कोमट पाण्याने आंघोळ म्हणजे शिक्षाच, आणि आमची सोलरची टाकी कोमटच्या पुढे जाईना. ह्याने गच्चीवर पाईप नुसते चाचपले अन् म्हणाला, काका, लाईन उलटी जोडलीये. टाकीच्या तळातून थंड पाणी पॅनलच्या खालच्या तोंडात जायला हवं आणि पॅनलच्या वरच्या तोंडातून गरम पाणी टाकीत, मध्ये पंप तर नाहीच, गरम पाणी हलकं होऊन आपणच वर चढतं त्यामुळे पाईपचा चढ मध्येच कुठे मोडला की हवा अडकते अन् सगळं ठप्प. गरम लाईन सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणारा पीव्हीसी) बसवून दिली, साधा पीव्हीसी ६० डिग्रीच्या पुढे मऊ पडतो, वर फोमही गुंडाळला. मजुरी जरा जास्तच घेतो, आणि येतो येतो म्हणत संध्याकाळ करतो ते वेगळंच. पण काम पक्कं, आता पाणी चटका बसेल असं येतं.